फक्त आपलंच वाजवायचं : शिकागोच्या एएसीएमचं प्रकरण

१९६५ च्या मे महिन्यात शिकागोच्या साउथ साइड भागातल्या काही कृष्णवर्णीय संगीतकारांना टपालाने पोस्टकार्डं आली. बैठकीचं निमंत्रण होतं. बोलावणारे चौघे : पियानोवादक रिचर्ड एब्रम्स (पुढे ते मुहाल रिचर्ड एब्रम्स या नावाने ओळखले गेले), दुसरे पियानोवादक जोडी ख्रिश्चन, ड्रमवादक स्टीव्ह मॅकॉल आणि ट्रम्पेटवादक फिल कोहरन. ८ मे रोजी कोहरन यांच्या घरी मंडळी जमली. त्या आणि पुढच्या बैठकांतून 'असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ क्रिएटिव्ह म्युझिशियन्स' उभी राहिली. थोडक्यात एएसीएम. ऑगस्टमध्ये इलिनॉय राज्याकडे ना-नफा संस्था म्हणून तिची नोंदणीही झाली.

जॅझमधली उपज (वाजवता वाजवता ऐनवेळी सुचणारं संगीत) आणि अभिजात पाश्चात्त्य परंपरेतली लिखित रचना यांचा मेळ घालायचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. अमेरिकन रचनाकार गुंथर शुलर यांनी १९५७ मध्ये अशा संगीताला 'थर्ड स्ट्रीम' असं नावही देऊन टाकलं होतं. त्या प्रवाहातली बरीचशी कामं आज इतिहासाच्या पुस्तकात सापडतात, मैफलीत क्वचितच. एएसीएमला मात्र साठ वर्षं होऊन गेली. तिच्या सदस्यांनी एकट्या सॅक्सोफोनपासून चार वाद्यवृंदांपर्यंत सगळ्यासाठी संगीत लिहिलं, ऑपेरे लिहिले. एका सदस्याला पुलित्झर मिळालं. हे इतरांना जमलं नाही आणि यांनाच कसं जमलं, हा या प्रकरणातला प्रश्न आहे.

माझं उत्तर आधीच सांगतो. दोन संगीतप्रकार कसे मिसळायचे, यावर या लोकांनी डोकं फोडलंच नाही. त्यांनी एक नियम केला, आणि त्या नियमाने प्रत्येक वादकाला लिहायला बसवलं. मेळ त्यातून होत गेला.

आधीची स्थिती

साउथ साइडची जॅझची पेठ १९५० च्या दशकात गजबजलेली होती. साठीच्या सुरुवातीला तिला ओहोटी लागली. लोकांची आवड बदलत होती, शहराच्या पुनर्बांधणीत वस्त्या हलत होत्या, क्लब बंद पडत होते. जे उरले तिथे वादकाने मालकाला हवं ते वाजवायचं, म्हणजे ओळखीची गाणी आणि रिदम अँड ब्लूज. संगीतकारांची युनियनसुद्धा वर्णानुसार विभागलेली होती. कृष्णवर्णीयांची लोकल २०८ आणि गोऱ्यांची लोकल १० या दोन वेगळ्या संस्था १९६६ मध्ये एकत्र आल्या. सिंफनी वाद्यवृंदांची दारं कृष्णवर्णीय वादकांना जवळजवळ बंदच होती, मग त्यांचं शिक्षण कितीही झालेलं असो.

आणि शिक्षण झालेलं होतं, हे महत्त्वाचं. जोसेफ जार्मन, रॉस्को मिचेल, हेन्री थ्रेडगिल, मॅलाकाय फेव्हर्स ही मंडळी विल्सन ज्युनियर कॉलेजात शिकत होती. तिथे जॅझही होता आणि शोनबर्ग, हिंडेमिथ हे आधुनिक युरोपीय रचनाकारही होते. तरुण बासवादक चार्ल्स क्लार्क शिकागोच्या सिव्हिक ऑर्केस्ट्रात वाजवत होता. या मुलांच्या कानात दोन्ही संगीतं एकाच वेळी नांदत होती. ती वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायचं काम बाहेरच्या जगाने केलं.

एब्रम्स स्वतः बरंचसं आपलं आपण शिकले होते. चार्ल्स स्टेपनी या संगीतसंयोजकाने त्यांना जोसेफ शिलिंगर यांच्या रचनापद्धतीचे ग्रंथ दाखवले. शिलिंगर म्हणजे जॉर्ज गर्श्विन यांना शिकवणारे गृहस्थ. संगीत गणिताने बांधता येतं, असं त्यांचं म्हणणं. एक साधं उदाहरण घेऊ. बारा मात्रांच्या पट्टीवर एक हात दर तीन मात्रांनी ठोका देतो, दुसरा दर चार मात्रांनी. दोन्ही हातांचे ठोके एकत्र मोजले तर अंतरं अशी येतात : तीन, एक, दोन, दोन, एक, तीन. सरळ वाचा किंवा उलट, आकृती तीच. एवढ्याशा बीजातून लय काढायची, तिचं वर्तुळ वाढवायचं, तिच्यावर स्वर बसवायचे. या पद्धतीत शैलीचा प्रश्नच येत नाही. त्या आकृतीतून ब्लूज निघेल, स्ट्रिंग क्वार्टेट (चार तंतुवाद्यांची अभिजात रचना) निघेल, किंवा दोघांनाही न ओळखणारं काहीतरी निघेल. एब्रम्स यांना नेमकं हेच हवं होतं असं मला वाटतं : कुणाची परवानगी न मागता आत शिरता येईल असं दार.

साठीच्या सुरुवातीला त्यांनी 'एक्स्पेरिमेंटल बँड' जमवला होता. नाव बँड, पण जाहीर कार्यक्रम जवळजवळ नाहीतच. ती तालमीची जागा होती. ज्याने जे लिहिलं असेल ते त्याने आणायचं, बाकीच्यांनी वाजवायचं. लिहिलेलं कागदावर कसं दिसतं आणि प्रत्यक्ष कानाला कसं लागतं, हे त्याच संध्याकाळी कळायचं. वाद्यवृंदासाठी लिहिणाऱ्या कित्येक प्रशिक्षित रचनाकारांनाही आपली रचना वाजलेली ऐकायला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. इथे ती सोय एका मोडकळीला आलेल्या वस्तीत, पैशाशिवाय उभी होती. एएसीएमचं खरं मूळ मी या तालमींत पाहतो.

निर्णय

पहिल्या बैठका रीतसर झाल्या. सभेचे नियम पाळले गेले, ठराव मांडले गेले, आणि सगळं टेपवर मुद्रित झालं. पुढे संस्थेचे सदस्य, ट्रॉम्बोनवादक आणि कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक जॉर्ज लुईस यांनी या टेप ऐकून २००८ मध्ये संस्थेचा मोठा इतिहास प्रसिद्ध केला. त्यामुळे त्या खोलीत काय बोलणं झालं याची माहिती आज मिळते.

वादाचा विषय होता : आपल्या कार्यक्रमांत काय वाजवायचं? 'ओरिजिनल' संगीत, यावर बहुतेकांचं एकमत. पण ओरिजिनल कशाला म्हणायचं? एखादं जुनं प्रचलित गाणं माझ्या पद्धतीने, पार उलटंपालटं करून वाजवलं तर ते माझं नाही का? जॅझची अर्धी परंपरा तर अशाच उलथापालथीवर उभी आहे. हा आक्षेप बिनतोड आहे आणि तो मांडणारे काही कच्चे वादक नव्हते. तरीही निर्णय झाला तो कडक : संस्थेच्या मंचावर सदस्यांनी स्वतः रचलेलंच वाजवायचं. पोटासाठी बाहेर कुणी काय वाजवावं, याला बंधन नव्हतं.

या निर्णयाचा परिणाम समजून घ्यायला हवा. जॅझमध्ये त्या काळी उत्तम वादक असणं पुरेसं होतं. शे-दोनशे गाणी पाठ, त्यांचे कॉर्ड हाताखाली, की कुठल्याही गटात बसून रात्र काढता यायची. नव्या नियमाने हे भांडवल मंचावर निरुपयोगी ठरलं. सॅक्सोफोनवाल्याला कार्यक्रम हवा असेल तर त्याने तासा-दीड तासाचं संगीत स्वतः तयार करायचं. मग फॉर्मचा विचार आला, वाद्यांच्या जुळणीचा आला, शांततेचा आला. वादक आणि रचनाकार ही अभिजात संगीतातली श्रमविभागणी त्यांनी एका ठरावाने मोडली.

बाकीची कामंही सदस्यांचीच : हॉल मिळवणं, पत्रकं छापणं, दारावर तिकिटं फाडणं. संस्थेच्या नऊ उद्दिष्टांत होतकरू मुलांना विनामूल्य शिकवणं हेही होतं, आणि १९६७ पासून अब्राहम लिंकन सेंटरमध्ये शनिवारची शाळा सुरू झाली. शिकायला आलेल्या मुलांनाही रचना करायला लावत.

कोहरन फार काळ राहिले नाहीत. संगीत कुठल्या दिशेने न्यायचं यावर मतभेद झाले आणि त्यांनी वेगळी वाट धरली. चार संस्थापकांतला एक इतक्या लवकर जाणं ही छोटी गोष्ट नव्हती. तरी संस्था हलली नाही, कारण कोणतीही एक शैली तिची अधिकृत शैली नव्हती. नियमात 'आपलं' होतं, 'असं' नव्हतं.

संगीतात काय झालं

१९६६ मध्ये डेलमार्क कंपनीने रॉस्को मिचेल यांच्या षट्कवृंदाची 'साउंड' ही ध्वनिमुद्रिका काढली. संस्थेच्या वर्तुळातलं हे पहिलं प्रसिद्ध झालेलं मुद्रण. त्या काळात न्यूयॉर्कचा फ्री जॅझ, म्हणजे ठरलेल्या कॉर्डचं आणि चालीचं बंधन न मानणारा जॅझ, बहुधा घनदाट असायचा, सगळे एकदम पेटलेले. इथे मात्र मोकळ्या जागा आहेत. एक वाद्य सूर धरतं, तो चिरफाळतो, थांबतो, आणि मग काही क्षण काहीच नाही. हार्मोनिका, रेकॉर्डर, घंटा अशी 'लिटल इन्स्ट्रुमेंट्स' मध्येच येतात. प्रत्येक आवाजाला स्वतःचं वजन मिळावं अशी ही बांधणी आहे, आणि ती कानाने लिहिणाऱ्या माणसाची आहे. लांबलचक सोलोची रांग लावणाऱ्याला ती सुचली नसती.

ख्यालाची सवय असलेल्या कानाला इथे थोडं अडखळायला होतं. बंदिश छोटी, विस्तार अफाट, आणि विस्तार करताना बंदिशीचा मुखडा पुन्हा पुन्हा हाताशी, हे आपल्याला ठाऊक असतं. एएसीएमच्या रचनांत परत यायला मुखडा असेलच असं नाही. लिहिलेला भाग मध्येच उगवतो, एखाद्या वाद्यापुरता असतो, किंवा फक्त किती वेळ गप्प राहायचं एवढंच सांगतो.

हे लिहायचं कसं, याची उत्तरं प्रत्येकाने वेगळी काढली. अँथनी ब्रॅक्स्टन यांनी रचनांना शीर्षकं म्हणून आकृत्या दिल्या आणि १९६९ मध्ये एकट्या आल्टो सॅक्सोफोनवर दोन लाँग प्ले भरतील एवढं संगीत मुद्रित केलं. वाडाडा लिओ स्मिथ यांनी लय मोजायची नवी रीत काढली : जितका वेळ आवाज, तितकीच त्याच्या जोडीची शांतता. पुढे त्यांनी रंग-आकारांची स्वरलिपी घडवली. लीरॉय जेन्किन्स व्हायोलिनवर एकाच वेळी ब्लूज आणि आधुनिक अभिजात संगीत बोलायचे.

मिचेल यांचा उपाय मला सगळ्यात उद्बोधक वाटतो, कारण त्याचा उगम शिकवण्यात आहे. नवशिके एकत्र उपज करायला बसले की एकमेकांच्या मागे धावतात. एकाने काही वाजवलं की दुसरा त्याचीच नक्कल करतो, तीही अर्ध्या क्षणाने उशिरा. सगळं चिकट होऊन जातं. मिचेल यांनी वादकांच्या हातात कार्डं दिली. कार्डावर सुरांचे तुकडे लिहिलेले. कोणतं कार्ड आधी, किती वेगात, मध्ये किती थांबायचं, हे वादकाने ठरवायचं. आता शेजाऱ्याची नक्कल करता येत नाही, कारण तुमच्याकडे तुमचं साहित्य आहे. ऐकावं तर लागतंच, पण ऐकून आपली जागा शोधायची. काउंटरपॉइंट, म्हणजे स्वतंत्र सुरावटी एकत्र चालवणं, शिकवण्याची ही पद्धत आहे आणि उपज शिकवण्याचीही.

एका रचनेचा प्रवास

१९७६ च्या ऑगस्टमध्ये स्वित्झर्लंडमधल्या विलिसाऊ महोत्सवात ब्रॅक्स्टन यांचा कार्यक्रम होता. ते येऊ शकले नाहीत, त्यांच्या जागी मिचेल एकटेच आल्टो सॅक्सोफोन घेऊन उभे राहिले. त्यांनी 'नोना' सुरू केली. या रचनेचा आरंभीचा तुकडा टोकदार आहे : खालच्या सुरावरून एकदम वर उडी, पुन्हा खाली, कडेला थांबा. श्रोते आधीच नाराज होते, ते ओरडू लागले. मिचेल पुढे गेलेच नाहीत. तोच तुकडा पुन्हा, पुन्हा, काही मिनिटं. मुद्रणात सभागृहाचा आवाज ऐकू येतो. आधी हुर्यो, मग गोंधळ, मग हळूहळू लोक त्या तुकड्याच्या आत ओढले जातात. आवाज निवळल्यावरच मिचेल पुढे सरकतात.

लिहिलेला तुकडा तोच होता. तो किती वेळा वाजवायचा, हे त्या संध्याकाळच्या सभागृहाने ठरवलं. लेखन आणि उपज यांचा संबंध इतक्या उघड्यावर दाखवणारं दुसरं मुद्रण मला माहीत नाही.

विलिसाऊचं हे मुद्रण ज्या संग्रहात आहे, त्याच संग्रहात ही रचना चार आल्टो सॅक्सोफोनांनीही वाजवली आहे. मिचेल, जार्मन, थ्रेडगिल आणि वॉलेस मॅकमिलन असे चौघे. पुढे ती चार चेलोंसाठी लिहिली गेली, वाद्यवृंदासाठीही. एका श्वासात मावणारी कल्पना चार धनुष्यांत वाटली की तिचे कोपरे बदलतात. सॅक्सोफोनवर जी उडी धोक्याची वाटते ती चेलोंत दोन वादकांमधला संवाद होते.

२०१३ मध्ये मिचेल यांनी उलट्या दिशेने सुरुवात केली. क्रेग टेबॉर्न (पियानो आणि इलेक्ट्रॉनिक्स) आणि किकांजू बाकू (ड्रम्स) यांच्यासोबत त्यांनी आधी काहीही न ठरवता त्रयी म्हणून वाजवलं. ते मुद्रण झाल्यावर त्यातल्या तुकड्यांचं स्वरलेखन केलं गेलं. मिचेल तेव्हा कॅलिफोर्नियातल्या मिल्स कॉलेजात शिकवत होते आणि तिथल्या तरुण रचनाकारांचा या कामात हात होता. मग ते लेखन वाद्यवृंदासाठी विस्तारलं. तिघांनी क्षणात केलेली गोष्ट महिन्यांनी वीसेक माणसांच्या समोरच्या कागदांवर आली. 'राइड द विंड' या २०१८ च्या ध्वनिमुद्रिकेत माँट्रियल-टोराँटो आर्ट ऑर्केस्ट्राने यातलं काही वाजवलं आहे.

हे काम किती किचकट आहे याची कल्पना करा. मोकळ्या उपजेला ताल नसतो, ती बारच्या, म्हणजे ठरावीक मात्रांच्या गटाच्या, चौकटीत बसवायची म्हणजे दर काही सेकंदांनी मात्रा बदलायच्या. सॅक्सोफोनच्या एका फुंकेत दोन-तीन सूर एकदम फुटतात, ते कुणाला द्यायचे? पियानोवरचा पंजाभर स्वरांचा गोळा तंतुवाद्यांत वाटला की त्याचा ठोसा जातो आणि धुकं उरतं. प्रत्येक ठिकाणी रचनाकाराला निवड करावी लागते, आणि त्या निवडी म्हणजेच नवी रचना. उपज म्हणजे लेखनाचा कच्चा माल, असं मी यावरून म्हणणार नाही. मूळ त्रयीचं मुद्रण स्वतःच्या पायावर उभं आहे. वाद्यवृंदाची कृतीही उभी आहे. दोघांत नातं आहे, उतरंड नाही.

काय अडलं

अडलं ते मुख्यतः बाहेर. अनुदान देणाऱ्या संस्था, महोत्सव, समीक्षक, दुकानांतली कपाटं, सगळीकडे 'जॅझ' आणि 'अभिजात' असे दोन कप्पे होते. एएसीएमचा माणूस स्ट्रिंग क्वार्टेट घेऊन गेला तरी त्याला जॅझच्या रांगेत उभं करत, आणि त्या रांगेत मिळणारी रक्कम लहान असे. हा अन्याय होता आणि त्याला वर्णाची धार होती. गोऱ्या रचनाकाराने जॅझमधून काही उचललं की त्याचा आवाका मोठा, कृष्णवर्णीय रचनाकाराने युरोपातून काही घेतलं की तो मूळ सोडून चालला, असा तो हिशेब. लुईस यांनी आपल्या लेखनात हा दुजाभाव सविस्तर उलगडून दाखवला आहे.

दुसरी अडचण मोठ्या वाद्यवृंदांची. ब्रॅक्स्टन यांची चार वाद्यवृंदांसाठीची रचना १९७८ मध्ये ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी मुद्रित केली. १६० वादक, चार संचालक. व्यावसायिक वाद्यवृंदाला तालमीला मिळतात मोजके तास, आणि त्यातल्या वादकांना आयुष्यभर शिकवलेलं असतं की कागदावर नसलेला सूर वाजवायचा नाही. एक्स्पेरिमेंटल बँडमध्ये जे काम दर आठवड्याच्या तालमींनी साधलं, ते अशा व्यवस्थेत साधणं कठीणच.

आतल्याही गाठी होत्या. संस्थेत एक गोरा व्हायब्राफोनवादक सदस्य होता. साठीच्या अखेरच्या तापलेल्या काळात मतदानाने त्याचं सदस्यत्व काढलं गेलं. ज्या शहरात युनियनपासून सिंफनीपर्यंत सगळं वर्णावर ठरत होतं तिथे स्वतःची जागा स्वतःकडे ठेवण्याची गरज मला कळते. त्या माणसावर काय गुदरलं असेल हेही कळतं. स्त्रियांना संस्थेत जागा मिळायलाही वेळ लागला. अमिना क्लॉडीन मायर्स यांच्यासारख्या पियानो-ऑर्गनवादक सुरुवातीच्या वर्षांपासून होत्या, पण शिकागोच्या शाखेचं अध्यक्षपद एका स्त्रीकडे, बासरीवादक निकोल मिचेल यांच्याकडे, जायला एकविसावं शतक उजाडलं.

शिवाय माणसं गेली. जार्मन यांच्या गटातले क्रिस्टोफर गॅडी आणि चार्ल्स क्लार्क ऐन विशीत वारले, आणि एकटे पडलेले जार्मन मिचेल यांच्या गटात आले. तोच पुढे 'आर्ट एन्सेम्बल ऑफ शिकागो' झाला. १९६९ मध्ये बरेच जण पॅरिसला गेले, सत्तरीत न्यूयॉर्कला. शिकागोत मागे राहिलेल्यांनी शाळा चालू ठेवली.

आजचा हिशेब

हेन्री थ्रेडगिल यांना २०१६ मध्ये संगीताचं पुलित्झर मिळालं. वाडाडा लिओ स्मिथ त्याआधी २०१३ मध्ये अंतिम फेरीत होते, नागरी हक्कांच्या लढ्यावरच्या त्यांच्या प्रदीर्घ कृतीसाठी, जिच्यात त्यांचा जॅझ गट आणि एक चेंबर वाद्यवृंद दोन्ही आहेत. लुईस यांनी संस्थेच्या इतिहासावरच ऑपेरा लिहिला, तो २०१५ मध्ये शिकागोत झाला. नियमाने वादकांना लिहायला बसवलं, त्याचं हे फळ आहे असं मी मानतो. १९६५ मध्ये खोलीतल्या बहुसंख्यांनी 'जुनं गाणं, पण माझ्या पद्धतीने' ही सवलत मान्य केली असती, तर उत्तम जॅझ वादकांची एक संघटना झाली असती. तीही चांगली गोष्ट असती, पण वेगळी.

त्याच नियमाने एक प्रश्न मात्र मागे ठेवला आहे. प्रत्येक नव्या सदस्याने स्वतःचं आणायचं म्हटल्यावर आधीच्यांचं कुणी वाजवायचं? 'नोना'चं चेलोंसाठीचं लेखन कुठलाही समर्थ चतुष्क वाजवू शकतो. आर्ट एन्सेम्बलच्या पाच माणसांनी एकमेकांच्या सवयी ओळखून जे उभं केलं ते तसं हस्तांतरित होत नाही. मधे पडणारी कितीतरी कामं आहेत, अर्धी कागदावर आणि अर्धी त्या त्या वादकाच्या बोटांत. ती आता बाहेरचे समकालीन वाद्यवृंद हाती घेऊ लागले आहेत, आणि त्यांच्या वादकांना उपज शिकावी लागते आहे. एब्रम्स २०१७ मध्ये गेले, जार्मन २०१९ मध्ये. लिहिणाऱ्यांतले जे हयात आहेत त्यांच्यासोबत बसून, कागदावर न आलेलं विचारून घेऊन तालमी करायची वेळ हीच आहे.